समलिंगी मुलाच्या कादंबरीतला बाप कसा लिहावा?

बेळगावातल्या वडगावच्या 24 वर्षांच्या एका तरुणानं आपल्या पहिल्या कादंबरीची तीन प्रकरणं पाठवली आहेत, सोबत एक लांबलचक पत्र. नायक 12 वर्षांचा असताना गोष्ट सुरू होते आणि तो 19 चा होतो तिथं संपते. घरात पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग, बाप मागावर, आई कांड्या भरते, थोरली बहीण लग्न होऊन निपाणीला. आपल्याला मुली नाही, मुलगे आवडतात हे नायकाला हळूहळू कळत जातं. पत्रात तीन गोष्टी विचारल्या आहेत. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, "बाप इतका कडक, म्हणूनच पोरगा तसा झाला असणार". तर बापाचा स्वभाव बदलू का? मुलगा बापाला सांगतो तो प्रसंग चारदा लिहिला आणि चारही वेळा खोटा वाटला, काय चुकतंय? आणि बाप सीमाप्रश्नाच्या चळवळीतला जुना कार्यकर्ता आहे, त्याचा मुलाच्या गोष्टीशी सांधा जोडावा की नको?

तुमची पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसलो, पण खुणा फारशा झाल्या नाहीत, कारण मन एकाच ओळीवर अडकलं. तिसऱ्या प्रकरणात मुलगा दप्तर घेऊन शाळेला निघालाय. बाप माग न थांबवता हात लांब करतो, मुलाच्या केसांत अडकलेला धाग्याचा तुकडा काढतो आणि परत मागाकडं वळतो. तुम्ही ही ओळ सहज लिहून पुढं गेलात. मला मात्र तिच्यात तुमचा बाप सापडला. बाकीच्या साठ पानांत जो पट्टा काढतो, ओरडतो, ताट भिरकावतो, तो मी गेल्या वीस-बावीस वर्षांत इतक्या हस्तलिखितांत पाहिला आहे की आता तो कुणाचाच बाप राहिलेला नाही.

आधी तो "म्हणून" बघू. "बाप कडक म्हणून." दुसऱ्या लेखकाकडं तोच "बाप घरात नाही म्हणून" होऊन येतो. आपल्या भागात याचं ठरलेलं रूप म्हणजे बाप मराठा लाइट इन्फंट्रीत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा, आणि मुलगा आई-बहिणींच्या पदराआड वाढलेला. लेखकाला वाटतं आपण मानसशास्त्र लिहिलं. ते मानसशास्त्र कधीच मागं पडलंय. इर्व्हिंग बीबर या अमेरिकी मनोविश्लेषकानं 1962 साली एक अभ्यास छापला आणि दूर राहणारा किंवा तुटक वागणारा बाप अधिक मुलाला चिकटलेली आई असं एक समीकरणच मांडलं. त्यानं पाहिलेले सगळे पुरुष, समलिंगी आणि दुसरेही, मनोविश्लेषकांकडं उपचार घेणारे होते. म्हणजे दवाखान्याच्या रांगेवरून गावाचं आरोग्य ठरवण्यातला प्रकार. त्याच्याआधी, 1957 मध्येच, इव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार न घेणारे 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुष घेतले, त्यांच्या चाचण्यांवरची नावं-खुणा झाकल्या आणि तज्ज्ञांपुढं ठेवल्या. कोण कुठला ते तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. 1973 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, 17 मे 1990 ला जागतिक आरोग्य संघटनेनंही काढली. आणि ज्या फ्रॉइडच्या नावावर हे सगळं खपवलं जातं, त्यानं 1935 मध्ये एका अमेरिकन आईला लिहिलेल्या पत्रात यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि याला आजार म्हणता येणार नाही, असं स्वच्छ कळवलं होतं.

हे मी तुम्हाला कादंबरीत घालायला सांगत नाही. तुमच्या मनातली अडचण सुटावी म्हणून सांगतोय. वाचकाच्या मनातला "म्हणून" काढायचा तर बापाचा स्वभाव गोड करून तो निघत नाही. मग वाचक म्हणेल, लाडावला म्हणून. त्याला एकच साधा उपाय आहे. नायकाला एक भाऊ द्या. त्याच बापाचा, त्याच सोप्यात वाढलेला, तोच मार खाल्लेला, आणि मुलींच्या मागं सायकल फिरवणारा. एक वाक्यही समजवावं लागणार नाही. फौजीच्या घराचंही तेच: आपल्याकडं गल्लीच्या गल्ल्या फौजेत आहेत, त्या बापांची बाकीची पोरं कुठं गेली, हे वाचक स्वतःच विचारील.

इथं मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती तुमच्या बाबतीत व्हायला नको. 2011 साली एक मुलगा माझ्याकडं कथा घेऊन यायचा. कथा अशाच विषयावर. त्यातला बाप सगळं कळल्यावर दोन दिवस बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊन रताळी काढायला रानात जातो. बस, एवढंच. मी त्याला म्हटलं, "बाप एवढा सरळ कसा? खरा वाटत नाही. थोडा संघर्ष येऊ दे." तो म्हणाला, "सर, पण असंच झालं की." मी म्हटलं, झालं असेल, पण कथेत पटत नाही. तो कागद गोळा करून गेला आणि पुन्हा आला नाही. पुढं कधीतरी खडेबाजारात त्याचे वडील भेटले. पिशवीत खताची पावती, घाईत होते. त्यांनी विचारलं, "पोरगा लिहितंय काय अजून? तुमच्याकडं येऊलालता तवा बरा ऱ्हायचा." मला काही उत्तर देता आलं नाही. तो बाप खरा होता आणि माझ्या समोर उभा होता. मी मात्र पुस्तकातल्या बापांवरून त्याला खोटं ठरवून बसलो होतो. तेव्हापासून कुणाच्या हस्तलिखितातल्या मऊ बापावर मी शंका घेत नाही. आणि तुमच्या पट्ट्यावर शंका घेतोय ती याच कारणानं. तुम्ही तो पट्टा पाहिलेला नाही, असं त्या पानावरून दिसतं. धागा काढणारा हात मात्र पाहिलेला आहे. मार खरोखर पाहिला असेल तर जरूर लिहा, पण मग तो इतका सोयीचा येणार नाही. मारणारा माणूस मारण्याआधी आणि नंतर काय करतो, पट्टा कुठं टांगतो, त्या रात्री झोपतो की नाही, हे सगळं त्यासोबत येईल.

आता सांगण्याचा प्रसंग. तुमच्या चारही मसुद्यांत मुलगा बापासमोर उभा राहतो, श्वास घेतो आणि म्हणतो, "आप्पा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." हे वाक्य वडगावातलं नाही, ते पडद्यावरून आलंय. आपल्याकडं मुलगा बापासमोर असा बसत नाही आणि बापही मुलाचं ऐकायला म्हणून बसत नाही. चौथ्या मसुद्यात तर बाप अर्धं पान बोलतो, मायेनं, समजूतदारपणे. तो कुठून आला तेही मला माहीत आहे. आंद्रे असिमन यांच्या 2007 च्या कादंबरीत शेवटाकडं एक प्राध्यापक बाप मुलाशी फार सुंदर बोलतो, आणि 2017 ला 'कॉल मी बाय युवर नेम' हा तिच्यावरचा सिनेमा आल्यापासून ते भाषण आमच्याकडच्या दर तिसऱ्या मुलाच्या कथेत उतरतंय. ते घर पुस्तकांचं होतं, त्या बापाला पूर्ण वाक्यात बोलायची सवय होती. तुमच्या आप्पांचं आयुष्य अशा आवाजात गेलंय की शेजारच्या माणसाशीही ओठांवरून आणि बोटांच्या खुणांनी बोलायचं. त्यांच्या तोंडात ते भाषण घातलं की ते आप्पा राहत नाहीत.

आपल्या घरांत ही गोष्ट येते ती लग्नाच्या दारातून. मुलगा काही सांगायला येत नाही. घरचे विचारायला येतात. आणि आपल्या भागात त्याच्याही आधी मामाची पोरगी असते. "बोलून ठेवूया" हे चार लोकांत सहज म्हटलेलं वाक्य तुमच्या नायकासाठी पहिला खरा धोका आहे, कारण त्याला नाही म्हणणं म्हणजे आईच्या माहेराला नाही म्हणणं. तो नकार पोरगी, मामा, आई, बाप, भाऊबंद, सगळ्यांना लागतो. तुमच्या कादंबरीत मामा आहेच, पण तो फक्त दिवाळीत पेढे घेऊन येतो. त्याला कामाला लावा.

प्रसंग कसा उभा राहू शकतो ते दाखवतो. हे तसंच घेऊ नका, फक्त काय कुठं ठेवलंय ते बघा.

दुपार. दोन्ही माग चालू. मुलगा धोट्यातली संपलेली कांडी बदलायला वाकलाय. बाप मागाच्या आवाजावरून ओरडून सांगतो की मामा येऊन गेला, पोरीचं बोलून ठेवूया म्हणतोय. मुलाला अर्धं ऐकू येतं, अर्धं ओठांवरून कळतं. आवाजाच्या आडोशाला तोही ओरडून बोलतो, कारण आवाजात बोललेलं बोलल्यासारखं वाटत नाही. "मला न्हाई जमायचं, आप्पा. मामाच्याच न्हाई, कुठल्याच पोरीबर न्हाई." आणि मधेच लाईट जाते. माग थांबतात, शेजारचे थांबतात, सगळी गल्ली थांबते. "कुठल्याच पोरीबर न्हाई" हे शब्द शांततेत पडतात, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं. आतल्या खोलीत कांड्या भरायचं चाकही थांबलेलं असतं. बाप काही बोलत नाही. ताण्यावर हात फिरवत तुटलेलं टोक शोधतो, ओलं करतो, गाठ मारतो. मग हळू म्हणतो, "आईला सांगू नको आत्ता." बराच वेळ लाईट येत नाही. येते तेव्हा बटण कुणीच दाबत नाही.

"आईला सांगू नको आत्ता" या चार-पाच शब्दांत लाज आहे, भीती आहे, आणि पोराला पाठीशी घालणंही आहे. कुठलं किती, ते वाचकाला ठरवू द्या. आत बसलेल्या आईनं ऐकलंय की नाही हेही सांगू नका. दुसऱ्या दिवशी मुलगा निघताना त्याच्या केसांत धागा असतो. बापाचा हात अर्ध्यावर येतो आणि मागाकडं परत जातो. मला वाटतं, तुमच्या सगळ्या पट्ट्यापेक्षा हे जास्त लागेल. पण ते लागायचं तर आधीच्या दीडशे पानांत तो हात पाच-सहा वेळा येऊन गेलेला पाहिजे, कुठंही त्याच्याकडं बोट न दाखवता. बापाचा प्रभाव म्हणतात तो असा साठत जातो. मुलगा बापाकडून पुरुषासारखं चालणं, गप्प राहणं, पैसे मोजणं, बायकांसमोर आवाज चढवणं किंवा न चढवणं शिकतो, आणि ते सगळं शिकत असताना त्याला कळत असतं की एका ठिकाणी आपली वाट वेगळी आहे. बापासारखंच व्हावंसं वाटणं आणि होता न येणं, हे दोन्ही एकाच मुलात असतं. तुमच्या नायकाला सध्या फक्त बापापासून पळायचं आहे. त्याला थोडं बापासारखं व्हावंसंही वाटू द्या. गाठ मारायला तो बापाइतकाच चपळ असू दे.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' 2006 साली मराठीत आली. तुम्ही वाचली असेलच. एका घरातला मुलगा आणि मुलगी, दोघंही घरी राहायला आलेल्या त्याच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आणि दोघं आपापली बाजू सांगतात. मुलगी त्याच्याबरोबर निघून जाते ते घराला दिसतं, त्याचा गोंधळ होतो. मुलाचं जे गेलं ते घराला कळतच नाही, त्याच्या दुःखाला घरात नाव नसतं. आई-बापाला माहीत नसणं हीच तिथली गोष्ट. सगळं बापापर्यंत पोचलंच पाहिजे असा नियम नाही, हे त्यातून घ्या. कन्नड वाचता येत असेल (वडगावात राहून येत नसेल असं वाटत नाही) तर वसुधेंद्र यांच्या 'मोहनस्वामी' या 2013 च्या कथाही मुळातून वाचा. आपल्याच राज्यातल्या लहान गावांचे घरगुती आवाज त्यांत ऐकू येतील, आणि आपल्या मराठी कानाला ते परके वाटणार नाहीत.

शब्दांचंही बघा. तुमचा नायक 14 व्या वर्षी स्वतःला "समलिंगी" म्हणतो. हा पेपरातला शब्द आहे. "गे" मोबाइलमधून आला, तोही नंतर. गल्लीतला शब्द "बायल्या". आणि आप्पांच्या पिढीकडं आणखी एक चित्र आहे, ते म्हणजे सौंदत्तीच्या डोंगरावरचे, यल्लम्माला वाहिलेले जोगप्पा, म्हणजे जोगते. साडी नेसलेले, कपाळभर भंडारा, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली. मुलगा "मी तसा आहे" म्हणाला की आप्पांच्या डोळ्यांपुढं हेच येणार, आणि मुलाच्या मनात मात्र पुण्या-बंगळूरच्या मोबाइलवरचं काहीतरी वेगळंच असणार. दोघं एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. हे तुमच्या हातातलं फार मोलाचं साहित्य आहे आणि तुम्ही ते वापरलेलंच नाही. यल्लम्माच्या यात्रेचं एक प्रकरण करा. डोंगरावर "उदं ग आई उदं" च्या गजरात आप्पा जोगप्पाच्या पाया पडतात, मुलालाही वाकायला लावतात, भंडारा लावून घेतात. घरी आल्यावर तेच आप्पा म्हणतात, "जोगत्यागत हात हलवत चालू नको." दोन्ही वेळा ते मनापासून बोललेले असतात.

इथं एक काळजी घ्या. घाबरलेला नायक कधी ना कधी म्हणणार, "मी त्यांच्यासारखा नाही." तो म्हणू दे, त्या वयात ते खरं आहे. पण कादंबरीनं तसं म्हणू नये. आपला मुलगा सुशिक्षित आणि नीटनेटका दिसावा म्हणून जोगप्पांना खाली ढकललं की पुस्तकाचं मन कोतं होतं. राजन गवस यांनी 'भंडारभोग'मध्ये जोगत्याचं आयुष्य इतक्या जवळून लिहिलंय की त्यानंतर या भागातल्या लेखकाला त्यांना शोभेच्या गर्दीत उभं करणं शक्य नाही. डोंगरावर एखादा जोगप्पा तुमच्या नायकाकडं पाहून, काही न विचारता, दोन शब्द बोलेल, ते लिहून बघा. कन्नडमध्ये बोलेल. बापाला ते कळतील, पण तो मुलाला मराठीत सांगणार नाही.

आता सीमाप्रश्न. तुम्ही दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय की "मीही एक सीमाभाग होतो." हे खोडा. गोरगरिबांनी लाठ्या खाल्ल्या त्या गोष्टीला उपमा करून टाकू नये, आणि मुलाच्या मनालाही नकाशा करू नये. ही उपमा आपल्याकडच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सुचते. पण चळवळ घरात ठेवायची असेल तर रोजच्या व्यवहारात ठेवा, आणि मग तिच्यात तुम्हाला उपमेपेक्षा खूप मोठं काहीतरी सापडेल.

तारखा मांडून बघू. नायक 1995 चा धरा. म्हणजे गोष्ट 2007 ते 2014. बाप 1966 चा. म्हणजे 1986 च्या जूनमध्ये, कन्नडसक्तीच्या आंदोलनात, तो 20 वर्षांचा. दर 1 जूनला तो हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो, दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या फेरीत दंडाला काळी फीत लावतो, आणि लहानपणी मुलाला सायकलच्या दांड्यावर बसवून नेतो. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ झालेली. 2004 मध्ये महाराष्ट्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तेव्हापासून या घरात "कोर्ट" हा मीठ-मिरचीसारखा रोजचा शब्द आहे. तारीख पडली, वकील कोण, पुढची तारीख कधी. बाप पेपर मोठ्यानं वाचतो आणि गल्लीला समजावून सांगतो.

आणि त्याच पेपरात 2009 च्या जुलैत बातमी येते की समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमातून दिल्ली हायकोर्टानं संमतीनं झालेले प्रौढांचे संबंध वगळले. निकाल 2 जुलैचा. मुलगा 14 चा. बाप मोठ्यानं वाचत असतो, त्या बातमीशी येतो, ती मनातल्या मनात वाचतो आणि पान उलटतो. मुलाला फक्त एवढं दिसतं की आप्पा मधेच गप्प झाले. मग तो पेपर तो मागच्या परसात नेऊन वाचतो. 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला तेव्हा मुलगा 18 चा. म्हणजे ज्या कोर्टाकडं बाप डोळे लावून बसलाय, त्याच कोर्टानं एका दिवसात मुलाला पुन्हा गुन्हेगारांच्या रांगेत नेऊन बसवलं. दोघंही एकाच दारात उभे आहेत, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. तिथं "सीमा" हा शब्द एकदाही लिहायची गरज पडत नाही. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींनी 377 मधला तो भाग रद्द केला, पण तोवर तुमची कादंबरी संपलेली असते. तो निकाल ओढून आणून शेवट गोड करू नका. तुमच्या मुलाला तो माहीत नाही, आणि त्याला माहीत नसणं वाचकाला माहीत असतं. ती ओढ तशीच राहू द्या.

या बापाकडं आणखी एक गोष्ट आहे. आपण कोण हे दुसऱ्यानं पाटीवर लिहून ठरवायचं नाही, यासाठी तो पोलिसांच्या लाठीपुढं उभा राहिला आहे. आणि मामासमोर, "पोरगा नको म्हणतोय तर ऱ्हाऊ दे" एवढं म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. धैर्य असलेला माणूस नेमका घरात कुठं कच्चा पडतो, यावर एक अख्खं प्रकरण होईल. तो ढोंगी आहे असं मात्र लिहू नका. रस्त्यावर त्याच्यामागं हजार माणसं होती. सोप्यात तो एकटा आहे.

अजून एक प्रसंग सुचवतो, कारण तुमच्या कादंबरीत तो होऊ शकतो आणि मी कुठं वाचलेला नाही. आपल्याकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं होतात, कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. बाप मुलाला नेतोच. अशाच कुठल्याशा गावच्या मांडवात कथाकथनाला एक माणूस बायकी पुरुषाची नक्कल करतो आणि अख्खा मांडव हसतो. मुलगा समोर बघत नाही, बाजूला बघतो. आप्पा हसतात की नाही? तुम्ही ठरवा. पण पुढची दोन पानं फक्त आप्पांच्या चेहऱ्यावर काढा.

शेवटी, बाप होण्याबद्दल. पत्रात तुम्ही ते विचारलेलं नाही, पण पानांत आहे. बापाला जे दुखतं ते बऱ्याचदा पोराचं प्रेम कुणावर बसलं हे नसतं. त्याला दिसतं की माग बंद पडणार, दारावरचं नाव संपणार, म्हातारपणी अंगणात पोर खेळणार नाही. आणि ते मुलालाही दुखतं, हे आपले लेखक विसरतात. मूल हवंसं वाटणाऱ्या मुलाला 17-18 व्या वर्षीच समजून चुकतं की ती वाट आपल्यासाठी बंद आहे, आणि त्या दुःखाला कुणी विचारत नाही, कारण सगळे त्यालाच दोषी धरून बसलेले असतात. वस्तुस्थिती सांगायची तर आजही आपल्या कायद्यानं एकट्या पुरुषाला मुलगा दत्तक घेता येतो, मुलगी नाही; सरोगसी त्याला बंद आहे; आणि 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तुमच्या नायकाला 2014 मध्ये यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला फक्त निपाणीच्या बहिणीचं बाळ ठाऊक आहे.

त्या बाळाचं जावळ तुम्ही एका ओळीत उरकलंय: "बहिणीच्या मुलाचं जावळ होतं म्हणून सगळे निपाणीला गेले." हेच प्रकरण मला हवं आहे. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. म्हणजे तुमचा नायक पाटावर बसणार, मांडीवर भाचा, न्हावी समोर, बाळ रडतंय, हात-पाय झाडतंय, आणि नायकाला त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट पण हळू धरून ठेवायचंय. आप्पा भिंतीला टेकून उभे. मागच्या वर्षीच्या त्या दुपारनंतर दोघं नीट बोललेले नाहीत. आप्पा पाहताहेत की पोराला बाळ धरता येतं. नायकाचा मामाही तिथंच आहे, तोच मामा, आणि बायकांत कुणीतरी म्हणणारच, "आता पुढच्या वर्षी हेचंच बघा की हो." आप्पा काय करतात?

एवढं प्रकरण लिहा आणि पाठवा. पट्ट्याचं पान फाडू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. पुढं कदाचित दुसऱ्या कुणाच्या घरात ते लागेल. आणि बापाचं नाव बदला. तुम्ही दिलेलं नाव कार्यकर्त्याला शोभतं, पण घरात आई त्याला एकदाही हाक मारत नाही, त्यामुळे ती त्याला काय म्हणते हे मला अजून कळलेलं नाही.